आईला शाळा नव्हती, म्हणून तिला हे झालं का?

पत्र (थोडं आटोपतं घेऊन):

"मॅडम, मी कराडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४८. आई माण तालुक्यात, गावी, थोरला दादा आणि वहिनीजवळ असते. वय ७४ धरा, नक्की कुणालाच माहीत नाही. तिचं माहेर जतकडचं, तिथं घरात कानडी. लग्नानंतर सगळा जन्म मराठीत गेला. शाळेत कधीच गेली नाही. दीड वर्षापूर्वी वडील वारले, तेव्हापासून विसरणं फार वाढलंय. चहा पिऊन झाला की पुन्हा चहा मागते. पाटल्या स्वतःच गव्हाच्या डब्यात ठेवल्या आणि वहिनीवर चोरीचा आळ घेतला. मधेच आमच्याशी कानडीत बोलायला लागते. एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, कागदावर एक वाक्य लिही म्हणाले. तिला सही येत नाही, ती अंगठा लावते. दहा मिनिटांत 'डिमेन्शिया' लिहून गोळी दिली. मावशीचंही शेवटी असंच झालं होतं. न्यू जर्सीचा धाकटा भाऊ म्हणतो, न शिकलेल्या लोकांना हे जास्त होतं असं संशोधन आहे, आणि तू लाळेची जनुकचाचणी करून घे, मी किट पाठवतो. वहिनी म्हणते, सासूबाई नाटक करतात. मी रोज रात्री सुडोकू सोडवते. आईला शाळा नव्हती म्हणून तिला हे झालं का? आणि मलाही होणार का?" — एक लेक, कराड

ताई,

आधी त्या शंभरातून सातबद्दल बोलते, कारण पत्र वाचताना माझं डोकं तिथंच तापलं.

ही चाचणी वाईट नाही. पण ती तयार झाली अमेरिकेत, शाळा शिकलेल्या माणसांसाठी. जिनं पाटी-पेन्सिल हातात धरली नाही तिला "वाक्य लिहा" म्हणणं म्हणजे विहीर न पाहिलेल्या माणसाला पोहण्याचे गुण देणं. माझ्या सासूबाईंना एकदा असंच विचारलं होतं, "आजी, आज तारीख काय?" त्या म्हणाल्या, "परवा चतुर्थी, म्हणजे आज द्वितीया." समोरच्या तरुण डॉक्टरनं शून्य गुण मांडला. तिथी बिनचूक होती. दुसऱ्या दिवशी मी पंचांगात पाहून आले, तेव्हाही माझा राग गेला नव्हता.

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून काम केलं, तेव्हा बहुतेक म्हातारी माणसं निरक्षर. त्यांनी चाचणीच बदलली. लिहून दाखवण्याऐवजी "तुमच्या घराबद्दल एक वाक्य सांगा", अवघड वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा. आणि त्याहून शहाणपणाचं म्हणजे घरच्यांना विचारायची एक वेगळी यादी केली: जेवल्याचं विसरून पुन्हा जेवायला मागतात का, गावातल्या गावात वाट चुकतात का, होळी-दिवाळी कधी ते लक्षात राहतं का, घरातल्या मोठ्या निर्णयात पूर्वीसारखं मत देतात का. शाळेचा संबंधच नाही. म्हणून तुम्ही आता एक काम करा. आईला जे पूर्वी यायचं आणि आता येत नाही ते लिहून काढा. बाजाराचा वार, पिठाचा अंदाज, नातवंडांची नावं, एसटी कुठल्या फाट्यावर थांबते, शेजारणीशी झालेला व्यवहार. कधीपासून, हळूहळू की एकदम, हेही लिहा. ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्या दहा मिनिटांच्या कागदापेक्षा तुमची वही जास्त सांगेल.

याचा अर्थ आईला काहीच झालेलं नाही, असं मी म्हणत नाही. पुन्हा पुन्हा चहा मागणं, वस्तू भलत्या जागी ठेवून चोरीचा आळ घेणं ही लक्षणं मी हलक्यात घेणार नाही. पण निदान अजून झालेलं नाही, शिक्का मारला गेलाय. आणि शिक्का मारण्याआधी जे तपासायला हवं होतं ते राहिलंय. बी-१२ आणि थायरॉइड रक्तात पाहिलं का? या दोन्हींची कमतरता स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे डिमेन्शियाचं, सोंग हुबेहूब घेते आणि उपचारानं सुधारूही शकते. वडील गेल्यानंतर जेवण, झोप, बोलणं कमी झालंय का? म्हातारपणातलं नैराश्य रडत नाही, ते विसरतं. गेल्या काही महिन्यांत आई पडली होती का? डोक्याला मुका मार लागून आत हळूहळू रक्त साकळतं, ते स्कॅनमध्ये दिसतं. झोपेची किंवा सर्दीची कुठली गोळी रोज चालू आहे? आणि ऐकू किती येतं? हे सगळं होईपर्यंत चालू केलेली गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

आता तुमच्या भावाचं संशोधन. तो खोटं सांगत नाहीये, अर्धं सांगतोय.

आपल्या देशातला सगळ्यात भरवशाचा आकडा २०२३ साली आला. १८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतली साठीपुढची ४,०९६ माणसं तपासून अंदाज काढला: साठीपुढच्या शंभरांत ७.४ जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. पण माझ्या मते खरी बातमी त्या सरासरीत नाही, तिच्या पोटात आहे. बायकांमध्ये शंभरांत नऊच्या आसपास, पुरुषांमध्ये सहाच्या आत. खेड्यात आठच्या वर, शहरात पाचच्या जवळ. दिल्लीत ४.५ टक्के तर जम्मू-काश्मीरमध्ये ११. एकच देश, एकच आजार, आणि इतका फरक. तुमची आई बाई आहे, खेड्यातली आहे, न शिकलेली आहे. तिन्ही ठिकाणी ती जास्त आकड्याच्या बाजूला बसते.

मग हा फरक रक्तातला आहे का? कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या पावणेतीन लाख सभासदांचा चौदा वर्षांचा हिशेब २०१६ साली मांडला गेला. सगळ्यांकडे विमा, सगळ्यांना तेच दवाखाने. तरी कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं, आशियाई वंशाच्या लोकांमध्ये सर्वांत कमी, गोरे मधे. गंमत अशी की या आजाराचं सर्वांत बदनाम जनुक, एपीओई-४, कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांइतका जोर दाखवत नाही. म्हणजे दोष केवळ रक्तावर टाकता येत नाही. मग शोधावं लागतं मागे: कोणाला कुठली शाळा मिळाली, कोणाचा रक्तदाब किती वर्षं कुणी पाहिलाच नाही, कोण कुठल्या वस्तीत वाढलं.

आपल्याकडे तेच चित्र वेगळ्या कपड्यांत आहे. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. तुमची आई त्याच सुमाराला जन्मली. ती शाळेत गेली नाही हा तिचा गुण-दोष नाही, त्या काळी शाळेत मुलगी जाणं हाच अपवाद होता. लहानपणीचं शिक्षण मेंदूला एक शिल्लक देऊन जातं. पुढे म्हातारपणी मेंदूची झीज झाली तरी ती शिल्लक काही वर्षं खर्च भागवते. ज्याला शिल्लकच मिळाली नाही त्याचा ताळेबंद लवकर कोलमडतो. म्हणून "आईला शाळा नव्हती म्हणून झालं का?" याचं उत्तर "थोडं हो" असं आहे. पण शाळा ही एकच गोष्ट नाही, आणि ती सर्वांत मोठीही नाही.

२०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं अशा १४ गोष्टी मोजल्या ज्या बदलता येण्यासारख्या आहेत, आणि म्हटलं की त्या सगळ्या सुधारल्या तर जगातले ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील. २०१७च्या यादीत ९ होत्या, २०२०मध्ये १२, आता वाईट कोलेस्टेरॉल आणि अधू नजर या दोन वाढल्या. यादी मी इथं उतरवून काढत नाही, भावाच्या फोनवर ती आहेच. मला त्यातल्या वजनांबद्दल बोलायचंय. कमी शिक्षणाचा वाटा ५ टक्के. कमी ऐकू येण्याचा ७. एकटेपणाचा ५. कानाचा वाटा शाळेपेक्षा मोठा आहे आणि शाळा आता ७४व्या वर्षी देता येत नाही, कान देता येतो! जुन्या नऊ गोष्टींवरच भारताचा वेगळा हिशेब २०१९ साली निघाला होता, तेव्हा जगासाठी ३५ टक्के आणि भारतासाठी ४१ टक्के आला. आपल्याकडे टाळण्याजोगं जास्त आहे, कारण आपल्याकडे सोसायला लागलेलं जास्त आहे.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते: टीव्हीचा आवाज वाढलाय का? हाक मारली की आई दुसरंच काही उत्तर देते का? घरातली चेष्टा ऐकू न आल्यानं ती गप्प बसते आणि मग सगळे म्हणतात "हल्ली काही लक्षातच राहत नाही हिच्या"? जे कानात शिरलं नाही ते लक्षात कुठून राहणार. आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. कित्येकदा नुसता मळ निघतो. यंत्र लागलं तर लावा. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना तीन वर्षं तपासून २०२३ साली जे निकाल आले ते प्रामाणिकपणे सांगायचे तर मिश्र आहेत. सरसकट सगळ्यांना फरक पडला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात श्रवणयंत्रामुळे बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. पैशाची अडचण असेल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांपुढच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये देते. एवढ्यात चांगलं यंत्र येत नाही, हे मला माहीत आहे. सुरुवात होते.

दुसरी गोष्ट रक्तदाब, आणि इथं मी तुम्हालाही ओढणार आहे. आईची बीपीची गोळी चालू होती का? खेड्यात गोळी कशी बंद होते ते मी चाळीस वर्षं पाहत आलेय: "मोजलं, नॉर्मल आलं, बंद केली." नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं! चीनच्या ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवरचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. तिथं मोठे हृदयरोगतज्ज्ञ नव्हते, गावातलेच साधे डॉक्टर होते. त्यांनी निम्म्या गावांत नेटानं पाठपुरावा करून उच्च रक्तदाबाच्या लोकांचा दाब १३०/८०च्या खाली आणला. चार वर्षांत त्या लोकांमधला स्मृतिभ्रंश उरलेल्या गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी निघाला. मला हा अभ्यास या आजारावरच्या नव्या महागड्या इंजेक्शनांपेक्षा कितीतरी आवडतो, कारण तो माण तालुक्यात करता येतो. सातारा जिल्ह्यात उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय कार्यक्रम पहिल्या जिल्ह्यांपासून आहे. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. दादाला सांगा, महिन्याला एकदा घेऊन जा आणि कार्डावर आकडा लिहून घ्या. मात्र ७४व्या वर्षी दाब किती खाली आणायचा हे डॉक्टर ठरवतील. एकदम उतरवला तर चक्कर येऊन पडायची भीती.

मिश्री लावते का, हेही विचारते. लाज वाटून कुणी सांगत नाही. तंबाखू दातांवर घासली तरी रक्तात जाते आणि दाब वाढवते. आणि स्वयंपाक अजून चुलीवर असेल तर चूल परसात न्या, धूर घरात कोंडू देऊ नका. हवेतलं प्रदूषण त्या १४ गोष्टींत आहेच आणि बाईनं पन्नास वर्षं चुलीपुढे बसून जे प्यायलं ते दिल्लीच्या धुक्यापेक्षा कमी नसतं.

मावशीबद्दल. दोघी बहिणींना झालं म्हणून ते घराण्यातच आहे, असं तुमच्या मनानं धरलंय. पण सख्ख्या बहिणींचं नुसतं रक्त एक नसतं, बालपणही एक असतं. एकच बंद शाळा, तोच धूर, तेच लवकरचं लग्न, तेवढीच बाळंतपणं, तोच न मोजलेला रक्तदाब. जनुकामुळे अटळपणे होणारा स्मृतिभ्रंश फार क्वचित असतो आणि तो बहुधा साठीच्या आत गाठतो. तुमच्या घरी तसं दिसत नाही. म्हणून लाळेचं किट नको. एपीओई-४ असल्याचं कळलं तर होणारच असं नाही, नसल्याचं कळलं तर होणार नाही असंही नाही. आणि या जनुकांचे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत, त्यावरून जत-माणच्या लेकीचं भविष्य वाचणं म्हणजे दुसऱ्याची कुंडली आपल्याला लावणं. भावाला म्हणावं, किटाचे पैसे आईच्या कानाच्या यंत्राला दे.

तुम्ही काय करायचं? सुडोकू आवडत असेल तर सोडवा, आवडत नसेल तर झोपा. ४८ वय हे त्या चौदातल्या बहुतेक गोष्टींचं वय आहे. चाळिशी-पन्नाशीतला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल म्हातारपणी मेंदूकडून वसूल होतात. वर्षाकाठी तपासून घ्या. रोज अर्धा तास दम लागेल असं चाला. शिक्षिकांचा घसा जपतात, कान कुणी जपत नाही, तोही तपासा. चष्म्याचा नंबर लांबवू नका, मोतीबिंदू झाला तर काढून घ्या.

हळदीच्या दुधाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण वहिनी नक्की काढतील, म्हणून आधीच. बल्लभगढला त्या काळी स्मृतिभ्रंश फार कमी सापडला होता आणि जगभर बोंब झाली की भारतीय हळद खातात म्हणून. नंतर हळदीतला अर्क देऊन प्रयोग झाले, त्यातून आजार थांबल्याचं दिसलं नाही. कमी सापडण्यामागे माणसं तितकी वर्षं जगतच नव्हती हेही होतं, आणि घरचे "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देत होते हेही. त्या म्हणीनं आपल्याकडे जितकी निदानं चुकली तितकी कुठल्या मशीननं चुकवली नसतील. दूध द्या, छान आहे, पण औषध म्हणून नको.

वहिनीवर मी रागवणार नाही. आळ त्यांच्यावर आलाय, रात्री उठून दार त्यांनाच बघावं लागतंय, आणि तुम्ही कराडहून फोनवर सल्ला देताय. त्यांना जाऊन स्पष्ट सांगा की हे नाटक नाही. मेंदूतली मोकळी जागा माणूस काहीतरी कहाणी रचून भरतो आणि जो सगळ्यात जवळ असतो तोच त्या कहाणीत चोर होतो. पाटल्यांवरून वाद घालू नका, "चला, शोधू या" म्हणायचं आणि गव्हाचा डबा उघडायचा. पाटल्या तुम्ही बँकेत ठेवा आणि तिच्याजवळ बेन्टेक्सच्या राहू द्या. महिन्यातले चार दिवस आई कराडला तुमच्याकडे, किंवा तुम्ही गावी आणि वहिनी माहेरी, हे आजच ठरवा. घरात भांडण फार वाढलं किंवा कुणाला नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक फुकट आहेत. वहिनींच्या फोनमध्येही घालून द्या.

आणि ती कानडी. पत्रातलं मला सर्वांत जास्त तेच लागलं. दोन भाषांत जगलेल्या माणसांबद्दल हैदराबादमध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता आणि हा फरक निरक्षरांमध्येही दिसला. सगळ्या देशांतल्या अभ्यासांत तो तसा उतरलेला नाही, म्हणून त्याची जाहिरात मी करणार नाही. पण ज्या बाईला आपण अडाणी म्हणतो तिनं सासरी येऊन एक अख्खी भाषा कानानं शिकून घेतली, हे तुमच्या भावाच्या संशोधनाच्या रकान्यात कुठं बसतं ते त्याला विचारा.

मेंदू मागे सरकायला लागला की बहुतेकदा आधी नंतरची भाषा सुटते आणि लहानपणची उरते. आई भ्रमिष्टासारखं बोलत नाहीये, घरी गेलीये. तिची पुढची चाचणी शक्यतो कानडी समजणाऱ्या कुणासमोर करा. सोलापूर, सांगलीकडे असे डॉक्टर भरपूर आहेत. नुसत्या मराठीत तपासलं तर ती आहे त्यापेक्षा जास्त बिघडलेली वाटेल. आणि जतला मामाच्या घरी कुणी तिच्या वयाचं उरलं असेल, भावजय, मावसबहीण, कुणीही, तर रोज दुपारी फोन लावून द्या. तुम्हाला काय बोलतात ते कळणार नाही. कानाचं मशीन आधी बसवा, नाहीतर तिलाही कळणार नाही.

तुमची,
डॉक्टर मावशी